टॅबिथाबाईंच्या फोटोला हार

क्युपर्टिनोत दिवाळी पंचांगाने येत नाही, हॉलने येते. ज्या शनिवारी हॉल मिळेल त्या शनिवारी दिवाळी आहे असं समजायचं आणि अभ्यंगस्नान करून घ्यायचं. २००६ साली ती अठ्ठावीस ऑक्टोबरला आली, कारण त्या दिवशी गावाबाहेरच्या लोमॅक्स मेमोरियल हॉस्पिटलचं सभागृह रिकामं होतं. रिकामं होतं आणि फुकट होतं. हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या मराठी मंडळात ठराव एकमताने पास होतो.

अट एकच होती. हॉस्पिटलच्या जनसंपर्काचं काम बघणाऱ्या ब्रेंडाबाईंनी ईमेलमध्ये लिहिलं होतं, की कार्यक्रमात हॉस्पिटलच्या इतिहासाला धरून काहीतरी असावं. हॉस्पिटलच्या संस्थापिका मिसेस टॅबिथा लोमॅक्स यांच्यावर छोटंसं स्किट वगैरे.

"फराळाचा आणि टॅबिथाचा काय संबंध?" मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं.

"संबंध हॉलचा आहे," मंडळाच्या अध्यक्ष शोभनाताई म्हणाल्या. "वेदांत लिहील."

वेदांत म्हणजे मी. एकदा मंडळाच्या ईमेल ग्रुपवर मी कुणाच्या तरी हरवलेल्या कुकरच्या शिट्टीबद्दल चार विनोदी ओळी लिहिल्या होत्या. तेव्हापासून मी मंडळाचा साहित्यिक होतो. एरवी मी कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करत होतो आणि जगन्नाथकाका आणि सुलभाकाकूंच्या घरातल्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो.

या गोष्टीत खरं काय ते काकूंचं आहे, म्हणून त्यांच्याबद्दल आधी सांगतो.

सुलभाकाकू नागपूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. तेरा वर्षांची प्रॅक्टिस. त्यांनी किती बाळंतपणं केली हे त्या सांगत नसत, पण नागपूरच्या कुठल्याही लग्नात वऱ्हाडातलं निम्मं पब्लिक आपल्याच हातून जगात आलंय अशा नजरेने त्या बघतात, असं काका म्हणायचे. काकांना इथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि काकू नवऱ्याच्या व्हिसावर आल्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला अमेरिकेत काम करायची परवानगी नसते. सेवा करायची असते. म्हणून काकू गेली दोन वर्षं लोमॅक्स हॉस्पिटलमध्ये गुलाबी कोट घालून वॉर्डावॉर्डातून मासिकांची ढकलगाडी फिरवत होत्या. विणकामाचं मासिक, मासेमारीचं मासिक, घर सजवण्याचं मासिक. पेशंट कण्हत असला तरी काकूंनी फक्त "मासेमारी की विणकाम?" एवढंच विचारायचं, असा नियम होता.

इथल्या डॉक्टरकीच्या सगळ्या परीक्षा त्या पास झाल्या होत्या. रात्री सगळे झोपल्यावर नव्हे, दिवसाढवळ्या, पोळ्या लाटता लाटता. आता पुढच्या वर्षीच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे इथे शिकाऊ डॉक्टरची जागा मिळवायच्या, अर्जासाठी त्यांना एकच गोष्ट हवी होती: ऑब्झर्व्हरशिप. म्हणजे एखाद्या अमेरिकन हॉस्पिटलात तीन महिने कोपऱ्यात उभं राहून इतर डॉक्टरांना काम करताना बघायची परवानगी, आणि शेवटी 'ही बाई नीट उभी राहिली' असं पत्र. त्या पत्राशिवाय अर्ज कुणी उघडतही नाही. लोमॅक्समध्ये त्यासाठी त्यांनी तीनदा अर्ज दिला होता. तिन्ही वेळा उत्तर आलं, की बोर्डाच्या अध्यक्षांची सही लागते आणि अर्ज प्रोसेसमध्ये आहे.

"या वेळी पण नाही मिळालं तर?" मी एकदा विचारलं होतं.

काकू कणीक मळत होत्या. "तर मग 'मी डॉक्टर होते' असं सांगायची सवय करायची. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कोपऱ्यात उभं करायला पुढच्या वर्षी कोण तयार होणार?"

आणि आता बोर्डाच्या अध्यक्षा स्वतः आमच्या दिवाळीला प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. मिसेस अ‍ॅव्हरी, वय त्र्याऐंशी, संस्थापिका टॅबिथाबाईंची सख्खी पणती. काकूंचा प्लॅन साधा होता. स्किटमध्ये टॅबिथाबाईंचं काम त्यांनी मागून घेतलं. स्किट छान होणार, म्हातारी खूश होणार, चहाच्या वेळी काकू पुढे जाऊन अर्जाचा कागद देणार.

म्हणजे एका डॉक्टरबाईचं सगळं भवितव्य माझ्या लेखनावर येऊन ठेपलं होतं. ज्या माणसाचं आजवरचं एकमेव प्रकाशित साहित्य कुकरच्या शिट्टीवर होतं.

मी हॉस्पिटलच्या तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत जाऊन बसलो. ब्रेंडाबाईंनी मला एक गुळगुळीत माहितीपुस्तिकाही दिली. तिच्यात पहिल्याच पानावर 'करुणा' हा शब्द सात वेळा होता. तिच्यावरून कळलं ते असं: मिस्टर लोमॅक्स यांच्या या भागात आलुबुखाराच्या बागा होत्या. ती फळं सुकवून, म्हणजे प्रून करून, ते देशभर विकत. अख्ख्या अमेरिकेचं पोट साफ ठेवण्याची जबाबदारी त्यांनी एकट्याने उचलली आणि त्या श्रमांनी ते १८८४ साली वारले. मग त्यांच्या करुणामयी पत्नीने १८८७ साली हे हॉस्पिटल बांधलं. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं, की इथल्या प्रत्येक पेशंटला रोज नाश्त्याला पाच प्रून मिळालेच पाहिजेत. ते आजही मिळतात. जुलाब होणाऱ्या पेशंटलासुद्धा मिळतात. तो ते बाजूला ठेवतो, पण मृत्युपत्र मोडत नाही.

त्या काळात अमेरिकेत अशा बऱ्याच बायका होऊन गेल्या. मतदानाचा अधिकार नाही, धड कॉलेजं नाहीत, आणि नवरा गेल्यावर हातात आलेल्या पैशातून यांनी हॉस्पिटलं बांधली. प्रत्येकीच्या पुतळ्याखाली करुणा लिहिलेलं. मला वाटलं झालं, करुणा घालून तीन पानं लिहू. मग त्या खोलीत मला टॅबिथाबाईंची पत्रं सापडली.

पत्रांत करुणा एकदाही नव्हती. बाईंची भाची एलेनॉर पूर्वेकडच्या एका महिलांच्या मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर होऊन आली होती. गावात तेव्हा पुरुष डॉक्टरांचं एक हॉस्पिटल होतं. त्यांनी तिला डॉक्टर म्हणून आत घेतलं नाही. पण मन मोठं त्यांचं; पेशंटना फुलं आणि स्तोत्रांची पुस्तकं वाटायला ये म्हणाले. एलेनॉरने ती वर्षभर वाटली. त्यावर टॅबिथाबाईंनी बहिणीला लिहिलं होतं: 'लोक मला दयाळू म्हणू लागले आहेत. मी दयाळू नाही. मी चिडलेली आहे, आणि माझ्याकडे जमीन आहे.'

मी ते घरी येऊन काकूंना वाचून दाखवलं.

"स्तोत्रांची पुस्तकं," त्या म्हणाल्या.

"एकशे वीस वर्षांत प्रगती झालीये, काकू. आता मासिकं आहेत."

"गाडीला चाकं पण आहेत," काकू म्हणाल्या. "हे वाक्य स्किटमध्ये घे. चिडलेलीचं."

मी घेतलं. शोभनाताईंनी काढलं.

"अरे दिवाळी आहे, वेदांत! कोणी चिडत नाही दिवाळीत. ममता लिही, वात्सल्य लिही. ती दारात पणती लावते आणि पेशंटच्या कपाळावर हात ठेवते, असं काहीतरी."

"ताई, १८८७ साली कॅलिफोर्नियात पणती?"

"प्रतीकात्मक रे."

अशा रीतीने टॅबिथाबाई ममतामयी झाल्या. त्यांचा पोशाखही तितकाच अस्सल होता. एकोणिसाव्या शतकातला लांब काळा गाऊन ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेत एकाच ठिकाणी मिळतो: हॅलोविनच्या दुकानात, चेटकिणीच्या कप्प्यात. सोबतची टोकदार टोपी आणि रबरी नाक आम्ही घरी ठेवलं. बाहीवर एक कोळी शिवलेला होता, तो काकूंनी टाके घालून आतल्या बाजूला वळवला. अर्जाचा कागद ठेवायला त्या बाहीत छान जागा होती.

राहिला फोटो.

तर, महाराष्ट्राबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कुठलाही मराठी कार्यक्रम फोटोला हार घातल्याशिवाय सुरू होऊ शकत नाही. माइक नसला तरी चालतं, प्रेक्षक नसले तरी चालतं, पण प्रतिमापूजन हवं. मंडळाकडे यासाठी एक निळी प्लास्टिकची पेटी होती. तिच्यात चंदनाच्या चकत्यांचा एक हार, एक प्लास्टिकचा नारळ आणि एक कुंकवाची डबी. हा हार आजवर अकरा थोर व्यक्तींना घालून झाला होता आणि अकरांपैकी एकानेही तक्रार केलेली नव्हती. टॅबिथाबाई बाराव्या.

"मोठा फोटो आण," शोभनाताईंनी मला बजावलं. "हॉस्पिटलच्या लॉबीत आहे ना ऑइल पेंटिंग, तेच आण."

लॉबीत शेजारी शेजारी दोन पेंटिंगं होती. दोन्हींत काळ्या गाऊनमधली, गळ्यापर्यंत लेस घातलेली, जबडा आवळून बसलेली बाई. भिंतीवरच्या एकाच पितळी पट्टीवर एकच शब्द: लोमॅक्स. मी समजलो दोन्ही टॅबिथाबाईच. श्रीमंत बाई, दोनदा काढून घेतलं असेल. हॉस्पिटलच्या देखभाल खात्यातल्या माणसाने मला विचारलं, कुठलं देऊ? मी कुठल्याही एमएसच्या विद्यार्थ्याने दिलं असतं तेच उत्तर दिलं: हलकं असेल ते.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं वेळेवर सुरू झालं, म्हणजे पन्नास मिनिटं उशिरा. हॉस्पिटलात ऑक्सिजन असल्यामुळे ज्योत पेटवायला बंदी होती. म्हणून समईत बॅटरीवरचे दिवे आणि उदबत्त्या न पेटवता. शोभनाताई न पेटलेली उदबत्ती फोटोपुढे ओवाळत होत्या आणि समोर बसलेले दोनशे सॉफ्टवेअर इंजिनियर भक्तिभावाने बघत होते. चालत नसलेली गोष्ट चालतेय असं दाखवणं त्यांच्या रोजच्या कामातलंच होतं.

पहिल्या रांगेत मिसेस अ‍ॅव्हरी बसल्या होत्या. काठीसारख्या ताठ, निळा सूट, मोती. त्यांच्या एका बाजूला ब्रेंडाबाई, दुसऱ्या बाजूला काकूंची मुलगी सावनी, वय दहा. पाहुण्यांना कार्यक्रम समजावून सांगायला इंग्रजी चांगलं असलेलं कुणीतरी हवं म्हणून तिला तिथे बसवलं होतं. आमच्या मंडळाने आजवर घेतलेला हा सर्वांत घातक निर्णय.

शोभनाताईंनी फोटोला कुंकू लावलं. हार घातला. मग माइक हातात घेतला आणि आवाज दोन इंच खाली नेला.

"या थोर माऊलीच्या पवित्र स्मृतीला अभिवादन म्हणून आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळूया."

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. टॅबिथाबाईंना जाऊन जवळपास शंभर वर्षं होत आली होती. दुःख ताजं नव्हतं. पण हॉस्पिटल आहे, वातावरणनिर्मिती होते, असं ताईंना वाटलं. दोनशे माणसं उभी राहिली. मिसेस अ‍ॅव्हरीही उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

मी विंगेत काकूंच्या शेजारी उभा होतो. काकू फोटोकडे टक लावून बघत होत्या.

"वेदांत," त्या पुटपुटल्या. "फोटो कोणाचा आहे?"

"टॅबिथाबाईंचा."

"कोणत्या सालचा?"

"अठराशे एकोणनव्वद वगैरे."

"मग टॅबिथाबाईंच्या मनगटावर घड्याळ काहून आहे?"

मी बघितलं. लेसच्या बाहीतून, अगदी कोपऱ्यात, एक सोनेरी मनगटी घड्याळ डोकावत होतं. नाजूक. चौकोनी. मग मी पहिल्या रांगेत बघितलं. मिसेस अ‍ॅव्हरींनी हात पुढे जुळवले होते आणि मनगटावर तेच घड्याळ होतं. आणि वर तोच जबडा.

मला पुस्तिकेतलं शेवटचं पान आठवलं. १९८७ साली हॉस्पिटलच्या शताब्दीला अध्यक्षांनी पणजीचा मूळ गाऊन घालून स्वतःचं पेंटिंग काढून घेतलं होतं, असं तिथे लिहिलं होतं. शेवटचं पान मी चाळलं होतं. वाचलं नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "त्या स्वतःच्याच श्रद्धांजलीला उभ्या आहेत."

"अरे बाप्पा."

"अजून एक मिनिट आहे. काहीतरी करू."

"काय करशील? हार काढशील? सगळ्यांसमोर?"

"नको. एखाद्या थोर व्यक्तीचा हार काढून घेतला असं मंडळाच्या इतिहासात झालेलं नाही."

काकूंनी बाहीतल्या कागदाला हात लावला. चेहरा एकदम साधा झाला होता त्यांचा, ओटा पुसून झाल्यावर होतो तसा. "त्यांना नाही कळणार," त्या म्हणाल्या. "अमेरिकन आहेत. त्यांना वाटेल सत्कार केला. कोणी सांगितलं नाही म्हणजे झालं."

शांतता संपली. सगळे खाली बसले. खुर्च्यांचा आवाज थांबला आणि त्या नेमक्या क्षणी सभागृहात पिन पडली तर ऐकू येईल अशी अवस्था असताना मिसेस अ‍ॅव्हरींनी सावनीकडे वळून विचारलं. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. मी मराठीत देतो, कारण इंग्रजीत ते आठवलं की अजून घाम येतो.

"किती सुंदर हार आहे! माझं चित्र तुम्हाला इतकं आवडलं? याचा अर्थ काय असतो, बाळ?"

"याचा अर्थ तुम्ही मेलात," सावनी म्हणाली.

"काय?"

"जिवंत असलं की हार गळ्यात घालतात. फोटोला घातला म्हणजे मेलं. हे बेसिक आहे."

सभागृहात दोनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. नंतर बराच वेळ कुणी तो सोडला नाही. शोभनाताईंनी प्लास्टिकचा नारळ छातीशी धरला.

"आणि आता आपण उभे राहिलो ते?" मिसेस अ‍ॅव्हरींनी विचारलं.

"ते पण तुमच्यासाठीच," सावनी म्हणाली. "तुम्ही छान उभ्या राहिलात."

अशा वेळी सिनेमात म्हातारी छातीवर हात ठेवून कोसळते, नायिका धावत जाऊन तिचा जीव वाचवते आणि सगळे प्रश्न सुटतात. खोटं कशाला बोलू, मी दोन सेकंद तशी प्रार्थना केली. मिसेस अ‍ॅव्हरी कोसळल्या नाहीत. खुर्चीला हात न टेकता उभ्या राहिल्या.

"हे हॉस्पिटल आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी मेलेली नाही हे सांगू शकेल असा एकतरी डॉक्टर इथे आहे का?"

त्या चेष्टा करत होत्या की नाही, ते त्या जबड्यावरून कळायला मार्ग नव्हता. दोनशे इंजिनियर एकमेकांकडे बघू लागले. तीन पीएचडी होते, त्यांनी माना खाली घातल्या.

काकू विंगेतून निघाल्या. चेटकिणीच्या गाऊनमध्ये, स्टेजच्या तीन पायऱ्या उतरून त्या सरळ पहिल्या रांगेत गेल्या आणि मिसेस अ‍ॅव्हरींचा हात हातात घेतला. घड्याळ बाजूला सरकवलं. नाडीवर तीन बोटं ठेवली आणि त्याच घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मी दोन वर्षं त्यांच्या घरात राहत होतो, पण असा चेहरा कधी बघितला नव्हता. ही बाई मला रोज डब्यात लोणचं देते हे मला क्षणभर खोटं वाटलं.

"शहात्तर. नियमित," काकू म्हणाल्या. "तुम्ही जिवंत आहात. घोटे किंचित सुजलेत. मीठ कमी करा."

"हे मला लेखी द्या. बोर्डाला दाखवते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना शंका आहे."

"लेखी नाही देता येणार."

"का?"

"मला सही करायची परवानगी नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही जिवंत आहात एवढंसुद्धा मी या देशात सर्टिफाय करू शकत नाही. मी तुम्हाला फक्त मासिक देऊ शकते."

ब्रेंडाबाई मध्ये पडल्या. "ही आमची फार गोड व्हॉलंटियर आहे, मिसेस अ‍ॅव्हरी. मासिकांची गाडी. तसं व्हॉलंटियरनी कुणाला हात लावायचा नसतो, पण आज सण आहे..."

"मला वाटलं ती डॉक्टर आहे."

"डॉक्टर होती. इंडियात."

'होती' हा शब्द ऐकून काकूंचं काहीतरी झालं. शोभनाताई स्टेजवरून हातवारे करत होत्या: पणती, पणती! स्किटमधलं पहिलं वाक्य होतं, 'या लेकरांनो, माझ्या कुशीत या.' काकूंनी लेकरांना बोलावलं नाही.

"लोक मला दयाळू म्हणू लागले आहेत," त्या म्हणाल्या. शांतपणे, मिसेस अ‍ॅव्हरींच्या डोळ्यांत बघून. "मी दयाळू नाही. मी चिडलेली आहे, आणि माझ्याकडे..."

त्या थांबल्या. त्यांच्याकडे जमीन नव्हती. भाड्याचं घर होतं आणि त्यात मी.

"...जमीन आहे," वाक्य मिसेस अ‍ॅव्हरींनी पूर्ण केलं. सावकाश खाली बसल्या. "हे कुठून मिळालं तुम्हाला?"

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. फोटोच्या चुकीसाठीही बोट माझ्याकडेच येणार होतं, म्हणून मी आधीच अर्धा पडद्यामागे होतो. "तळघरातल्या पत्रांत," मी पडद्याला सांगितलं.

"शताब्दीच्या पुस्तिकेतून ते वाक्य मी काढलं होतं," मिसेस अ‍ॅव्हरी म्हणाल्या. "सत्त्याऐंशी साली. स्वतः. मला वाटलं लोक म्हणतील बाई चिडकी होती. मग त्या जागी करुणा घातली."

"सात वेळा," मी म्हणालो.

"किती दिवस गाडी ढकलताय?" त्यांनी काकूंना विचारलं.

"दोन वर्षं. मागच्या मार्चमध्ये तुम्ही पाय मोडून इथेच होतात. मी तुम्हाला विणकामाचं दिलं होतं. तुम्ही ते परत नाही केलं."

"त्यातला स्वेटर चुकीचा होता. पाठीला दोन टाके कमी पडतात."

"चार," काकू म्हणाल्या.

आणि मग त्यांनी चेटकिणीच्या बाहीतून कागद काढला. घाईत बाही उलटली आणि वळवून ठेवलेला कोळी बाहेर येऊन लोंबकळू लागला. कुणी हसलं नाही. ब्रेंडाबाई म्हणाल्या की अर्ज ऑफिसमार्फत यायला हवा, त्याची प्रोसेस आहे. मिसेस अ‍ॅव्हरी म्हणाल्या, "ब्रेंडा, मी मेलेली आहे. मला प्रोसेस लागू होत नाही. पेन?"

सत्तावीस पेनं पुढे आली. आमच्या लोकांच्या खिशात पैसे नसतील, पण पेन असतं. निळी प्लास्टिकची पेटी मांडीवर उलटी ठेवून, तिच्यावर कागद ठेवून, फोटोला हार घातलेल्या बाईंनी सही केली.

मग स्किट झालं का? झालं. शोभनाताईंनी ते करवून घेतलं, लेकरं कुशीत आली, बॅटरीची पणती लागली आणि कोळी शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितलं, की कोळ्याचं प्रतीक फार आवडलं.

हार मात्र परत मिळाला नाही. मिसेस अ‍ॅव्हरींनी तो काढू दिला नाही. त्यांचं पेंटिंग हारासकट लॉबीत गेलं आणि शेजारच्या टॅबिथाबाई बिनहाराच्या राहिल्या. त्यामुळे हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येक भारतीय पेशंटचा पक्का समज होतो, की संस्थापिका हयात आहेत आणि पणती मात्र अकाली गेली. कुणीकुणी लॉबीत चप्पल काढून नमस्कार करतं. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला शोभनाताईंनी नवीन हार मागवला आणि फोटो आणायचं काम कायमचं माझ्याकडून काढून घेतलं.

सहीनंतर प्रोसेसने सूड घेतला. टीबीची टेस्ट, लसींचे दाखले, फिंगरप्रिंट, गुलाबी कोट परत केल्याची पावती. काकूंना कोपऱ्यात उभं राहायला फेब्रुवारी उजाडला. जाताना त्यांना एका कागदावर सही करावी लागली: पेशंटला हात लावणार नाही, उपकरणांना हात लावणार नाही, आणि विचारल्याशिवाय मत देणार नाही.

पहिल्या दिवशी त्या सकाळी साडेसहाला गेल्या. परत आल्या तेव्हा आम्ही तिघं, म्हणजे काका, सावनी आणि मी, जेवण गरम करायच्या नावाखाली स्वयंपाकघरात उभे होतो. काकूंनी पर्स ठेवली, पाणी प्यायल्या. पर्समधून कागदी वाटी काढून टेबलावर ठेवली. तिच्यात पाच प्रून होते.

"मग?" काकांनी विचारलं. "कसं होतं?"

"काही नाही. कोपऱ्यात उभी होते. हात मागे."

"बोअर?" सावनीने विचारलं.

"सव्वीस वर्षांची पोरगी होती रेसिडेंट. बाळ आडवं होतं. ती घाबरलेली. मी काही नाही बोलले. कागदावर सही केलीये ना." काकूंनी एक प्रून तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि गिळला. "अकरा वाजता ती वळली आणि म्हणाली, डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?"

"मग?"

"मग काय. अडीच वाजेपर्यंत बोलत होते."